दुधाशिवायचा चहा

चहा उकळलेलाच हवा, या मताचा मी आजही आहे. पाण्याला उकळी आली की आलं, मग साखर, मग पावडर, आणि दूध सगळ्यात शेवटी. पाचोऱ्याजवळच्या आमच्या घरी आई असाच करायची. धुळ्यात नोकरीला लागल्यावर भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर मीही तसाच करायचो. तेव्हा एकट्याने पिण्याचं काही वाटत नसे. शनिवारी एसटी पकडली की घर होतं.

सत्त्याऐंशी साली मस्कतला एका वर्कशॉपमध्ये फिटरचं काम मिळालं. कॅम्पात एका खोलीत चौघं. कॅन्टीनमध्ये चहा म्हणजे गरम पाण्याचा कप, त्यात दोऱ्याला बांधलेली पिशवी आणि डब्यातलं दूध. पहिल्या दिवशी मी ती पिशवी फाडून पावडर पाण्यात टाकली, तेव्हा शेजारचे हसले. तो कचरा दातांत अडकला. पुढे महिनाभर मी चहाच सोडला. डोकं दुखायचं, पण त्याहून जास्त, चारच्या सुमाराला कुणाशी काय बोलावं ते कळायचं नाही.

माझ्यासमोरच्या खाटेवर एक सुदानी वेल्डर होता. उंच, वयाने माझ्या बापाएवढा. मला अरबी येत नव्हती, त्याला हिंदी मोडकी यायची. शुक्रवारी सुट्टीला तो बाहेरच्या पायरीवर बसून शेगडीवर काळा चहा करायचा. पुदिना घातलेला, पाकासारखा गोड. एकदा त्याने न विचारता एक छोटा ग्लास माझ्यासमोर ठेवला. मी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"दूध नहीं?" मी विचारलं.

"दूध बच्चा पीता," तो म्हणाला, आणि स्वतःच मोठ्याने हसला.

त्या दिवसापासून दर शुक्रवारी आम्ही पायरीवर बसायचो. बोलणं फारसं नसे. त्याच्या बायकामुलांचा फोटो मी किती वेळा पाहिला असेल! तो चहा आवडला म्हणता येणार नाही, पण मी तो कधी नाकारला नाही.

दुसऱ्या वर्षी तार आली. आई गेली होती. तार हाती पडली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी खाटेवर तसाच बसून राहिलो. संध्याकाळी सुदानी कामावरून आला, कुणीतरी त्याला सांगितलं असावं. त्याने चहा केला, ग्लास माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्याभोवती मिटवून धरली. त्या दिवशी मी तीन ग्लास प्यायलो.

रजा मिळून घरी पोचलो तोवर तेरावाही होऊन गेला होता. नातेवाईक पांगलेले. घरात आबा, म्हणजे माझे वडील, एकटेच. मी पिशवी खाली ठेवली तसे ते उठून चुलीकडे गेले. जन्मात त्यांनी चहा केला नव्हता. पातेलं कुठलं घ्यावं हेही त्यांना कळेना. मी उठायला लागलो तर हातानेच "बस" म्हणाले. धूर झाला, दूध उतू गेलं. शेवटी बशीत ओतून त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली.

"तुनी मायना मायेक नही जमना," तुझ्या आईसारखा जमला नाही, असं ते म्हणाले. "पन गरम शे, पी ले."

चहा करपलेला होता, साखर विसरले होते. मी संपवला आणि आणखी मागितला. आबांनी तोंड फिरवून घेतलं.

महिन्याने परत मस्कतला गेलो. कराराचं एक वर्ष उरलं होतं. समोरच्या खाटेवर कुणी नवा माणूस झोपला होता. सुदानीचं काम संपलं, त्याला घरी पाठवलं, एवढंच कळलं. त्याचा पत्ता मी कधी विचारला नव्हता. शुक्रवारी मी बाजारातून पुदिना आणला, काळा चहा केला आणि पायरीवर बसलो. साखरेचा अंदाज चुकला. नव्या माणसाला ग्लास दिला, तर तो नम्रपणे म्हणाला, "मैं चाय नहीं पीता."

करार संपल्यावर मी धुळ्याला परतलो, पुन्हा बाहेर गेलो नाही. आबांना खोलीवर आणलं, पण आठ दिवसांत ते कंटाळून गावी निघून गेले. मग दर शनिवारी मीच जायला लागलो. चहा कुणी करायचा यावरून आमची कुरबूर व्हायची, आणि बहुतेक वेळा आबाच जिंकायचे.