किल्लीकाकू आणि खुर्चीचा चौथा पाय

…आणि हो, बर्फखान्याचं राहूनच गेलं की! इतकं सगळं सांगितलं आणि किल्लीकाकूचं सांगितलं नाही, म्हणजे ताट वाढून मीठ विसरल्यासारखं झालं. घे, लिही. आता तिथे मोठी पाटी लागलीय, शहर कलासंग्रहालय म्हणून. लांबून लांबून माणसं येतात. पण आम्ही गल्लीतले लोक अजून बर्फखानाच म्हणतो, कारण आधी तिथे बर्फाच्या लाद्या व्हायच्या. आणि किल्लीकाकू तिथे लाद्यांवर भुसा टाकायची, सांडलेलं पाणी झाडून काढायची.

कारखाना बंद पडला तेव्हा मालक जाता जाता तिला म्हणाला, "तुमचं दार समोरच आहे, किल्ली राहू दे तुमच्याकडे. गिऱ्हाईक मिळालं की येतो." तो गेला तो गेलाच. काकूने किल्ली पदराला बांधली आणि रोज सकाळी दार उघडून झाडायला लागली. मिस्त्री, म्हणजे तिचा नवरा, सुतार माणूस, तो चिडवायचा, "रिकाम्या घराला झाडू मारतेस, तुला काय बक्षीस देणार आहेत?" ती म्हणायची, "तुम्ही नाही का रिकाम्या चौकटी करून ठेवत? गप बसा."

आणि खरंच त्याच्या चौकटी कामाला आल्या बघ. शाळेचे चित्रकलेचे मास्तर होते, उंच, वाकलेले, कायम बाहीला रंग. शाळेचं छप्पर गळायला लागलं आणि पोरांची चित्रं ओली व्हायला लागली. मास्तर काकूच्या दारात येऊन म्हणाले, "काकू, तुमच्या त्या भिंती जाडजूड आहेत. चार दिवस चित्रं ठेवू द्याल का?" त्या चार दिवसांचं पुढे जन्माचं झालं. मिस्त्रीने चौकटी ठोकल्या, मास्तरांनी चित्रं टांगली. मग स्वतःचं पोर काय रेघोट्या मारतंय ते बघायला आया आल्या. उन्हाळ्यात आत गारवा असायचा, म्हणून म्हातारे आले, ते तर खुर्च्या घेऊनच. आम्ही बायका भाजी निवडायला तिथे बसायचो. निवडता निवडता मान वर करायची आणि म्हणायचं, "ही घोडी जरा लंगडी वाटते, नाही?" मास्तर कपाळावर हात मारायचे, पण हाकलायचे नाहीत. एका व्यापाऱ्याच्या मुलांनी बापाची जुनी चित्रं आणून दिली, बसवाल्यांनी मिळून दिवे लावून दिले. असं थेंबे थेंबे वाढत गेलं ते.

आता पाहुण्यांचं सांगते. एका वर्षी बर्फखान्याचंच छप्पर काढायचं ठरलं. चित्रं ठेवायची कुठे? मास्तर म्हणाले, एकेक जण एकेक घरी न्या. नेली. छप्पर झालं, पण चित्रं परत करायला कुणाचं मन होईना. धोबीण म्हणाली, "माझी भिंत आता उघडी-बोडकी दिसते हो." तेव्हापासून रीतच पडली. एका ऋतूला एक चित्र घरी न्यायचं, ऋतू बदलला की परत करायचं आणि दुसरं न्यायचं. आम्ही त्याला पाहुणं म्हणतो. "तुमच्याकडे कोण आलंय सध्या?" "आमच्याकडे डोंगर आलाय." एकीकडे उघड्या अंगाची बाई गेली, तर तिच्या सासूने ती भिंतीकडे तोंड करून टांगली, आणि ऋतू संपल्यावर म्हणाली कशी, "स्वभावाने चांगली होती हो, कधी आवाज नाही केला!"

अट एवढीच, की पाहुण्याला चुलीचा धूर लागू द्यायचा नाही, ऊन लागू द्यायचं नाही, आणि ओल्या फडक्याने पुसायचं नाही. हे काकू प्रत्येकाला दारातच बजावायची.

पुढे नगरपालिकेने शेजारची गोदामं दिली, मोठी दालनं झाली, आणि कारभार बघायला नव्या बाई आल्या. शिकलेल्या, पण नाकावर माशी न बसू देणाऱ्यांतल्या नव्हेत. काकूबरोबर पायरीवर बसून चहा प्यायच्या. पण पाहुण्यांच्या रीतीने त्यांची झोप उडायची. त्या म्हणाल्या, "काकू, चित्रं काही भांडी नाहीत, पोचा आला तर ठोकून सरळ करायला. या वेळी सगळी परत मागवते आणि नीट तपासते. एखादंही बिघडलेलं निघालं तर घरी देणं बंद करावं लागेल."

काकू निर्धास्त होती. तिला वाटलं, आपल्या गल्लीची माणसं पोटच्या पोरासारखी चित्रं जपतात. आणि तिच्या स्वतःच्या घरी तर मास्तरांनी काढलेलंच चित्र होतं. एक खोली, पडदा लावलेली खिडकी, उन्हाचा पट्टा, आणि मधोमध एक रिकामी खुर्ची.

ते चित्र तिने मिस्त्रीसाठी आणलं होतं. मिस्त्रीला झटका येऊन उजवं अंग लुळं पडलं होतं. जीभ जड झाली होती, पण बोललेलं कळायचं. मालिश करणारी बाई सांगून थकली, "डावा हात चालवा, डावा तर धड आहे ना." पण त्याने तो हातही टाकून दिला होता. घास भरवायला लागायचा. नुसता भिंतीकडे बघत पडायचा. काकू म्हणाली, भिंतीकडेच बघायचं तर भिंतीवर काहीतरी असू दे.

तर त्या खुर्चीला पाय दिसायचे तीनच. मिस्त्रीचं डोकं त्यातच अडकलं. सकाळी उठला की, "चौथा कुठाय?" काकू म्हणायची, "असेल कुठेतरी. तुम्हाला काय त्यावर बसायचंय?" तो म्हणायचा, "बसेल तो… पडेल." ती वैतागून म्हणायची, "चित्रातल्या खुर्चीवर कोण बसतंय हो!"

एक दिवस तो म्हणाला, माझी पेटी दे, वास घ्यायचाय लाकडाच्या रंगाचा. चित्रही जवळ मागितलं. तिला बरं वाटलं, काहीतरी मागतोय माणूस. तिने पेटी आणि आतली रंगाची डबी उघडून उशाशी ठेवली, चित्र गादीवर त्याच्या गुडघ्यांना टेकवलं आणि ती बर्फखान्यात गेली. परत येऊन बघते तर काय! मिस्त्रीची बोटं तपकिरी, चादर तपकिरी, आणि खुर्चीला चौथा पाय. वाकडा, मुळ्यासारखा! आणि मिस्त्रीचं तोंड असं फुललेलं, की झटका आल्यापासून तसं दिसलं नव्हतं.

"झाली…" तो म्हणाला. "बस आता."

काकू मटकन खालीच बसली. "अहो, लोकांच्या पाहुण्याला हात लावलात तुम्ही! मी साऱ्या गल्लीला दारात अडवून सांगते, आणि माझ्याच घरात…"  राग यावा की हसू यावं ते तिला कळेना. डाव्या हाताने केलं होतं ना त्याने. जो हात घास उचलत नव्हता, त्या हाताने ब्रश उचलला होता.

आणि दुसऱ्याच दिवशी चित्रं परत द्यायची होती.

माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात स्पिरिटची बाटली आणि फडकं होतं. म्हणाली, "पुसून टाकू का गं? खालचं चित्र गेलं तर? आणि तसंच नेलं तर सगळ्यांच्या घरचं बंद होईल. धोबिणीची भिंत, त्या म्हाताऱ्यांचे डोंगर, सगळं माझ्यापायी जाईल."

मी म्हटलं, "शेवटी नंबर लाव. सगळी चांगली बघून झाली की बाईंचं मन मऊ होईल."

तिने बाटलीचं बूच घट्ट लावलं. मग म्हणाली, "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही." बाटली तिने माझ्याकडेच ठेवली.

सकाळी ती रांगेत पहिली उभी. मागे सगळी गल्ली आपापली चित्रं छातीशी धरून. तिने चित्र टेबलावर ठेवलं, त्यावर किल्ली ठेवली आणि म्हणाली, "बाई, हे माझ्या घरात बिघडलं. माझ्या घरचं बंद करा, माझी किल्ली काढून घ्या. पण बाकीच्यांनी काही केलेलं नाही."

मास्तर तिथेच होते, काठी टेकत आलेले. ते वाकून बघायला लागले आणि त्यांचा चेहरा पडला. कुणीतरी मागून खिदळलं, "खुर्चीला मुळा फुटला!" तर मास्तर असे गरजले, की सगळे चिडीचूप. "चौथा पाय मागे होता, पडद्याच्या सावलीत! नीट बघितलं असतं तर कळलं असतं. कुणी केलं हे?"

"मिस्त्रीने," काकू म्हणाली. "डाव्या हाताने."

मास्तरांनी चौकटीवरून बोट फिरवलं. त्यांच्या साऱ्या जन्माच्या चौकटी त्याच हाताच्या जोडीदाराने, मिस्त्रीच्या उजव्या हाताने, केल्या होत्या ना.

नव्या बाईंनी कापसाचा बोळा त्यांच्याकडच्या कसल्याशा औषधात भिजवून कडेला हळूच फिरवून बघितला. म्हणाल्या, "मूळ चित्रावर रोगणाचा, म्हणजे व्हार्निशचा, हात आहे. नवा रंग वरच्यावर बसलाय, आत मुरला नाही. निघेल, पण थोडं थोडं करून काढावं लागेल." मग रांगेकडे बघितलं. धोबीण, बसवाले, ती सासू, सगळे माना उंच करून बघत होते. बाई म्हणाल्या, "आधी बाकीची बघू द्या."

एकेक बघितलं. कशाला धूळ, कुठे खिळ्याचा ओरखडा, बाकी सगळी जशी नेली तशी. बाई बराच वेळ पेन हातात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "बंद नाही करत. पण पाहुणं एकदा पाठवलं की विसरायचं, हे चालणार नाही. अधूनमधून घरी जाऊन बघून यायला हवं. काकू, ते तुम्ही करायचं." आणि किल्ली तिच्याकडे सरकवली.

आणि तो पाय? मास्तर म्हणाले, मी पुसून काढतो, पण मिस्त्रीसमोर काढतो. दुपारी ते मिस्त्रीच्या खाटेशी जाऊन बसले. आधी चांगलं झापलं त्याला, "पडद्याच्या सावलीत होता रे, आंधळ्या!" मिस्त्रीने खूप वेळ बघितलं. म्हणाला, "दिसला नाही… मला." मग डावा हात पुढे केला. "दे. मी केला… मी काढतो."

मास्तरांनी चौकट धरायची आणि मिस्त्रीने बोळा फिरवायचा. रोज दुपारी थोडा थोडा. हात दमला की शिव्या, शिव्या दमल्या की चहा. पाय निघेपर्यंत मिस्त्री डाव्या हाताने कप धरायला लागला होता. अर्धा चहा अंगावर, पण धरायचा. जवळ जाऊन बघितलं तर खुर्चीखाली अजून पुसटशी तपकिरी छटा आहे, मास्तर म्हणतात तेवढी राहू दे.

पुढच्या ऋतूला काकूने बाईंना सांगितलं, "यांना फर्निचर नसलेलं काहीतरी द्या बाई." बाईंनी समुद्र दिला. आता मिस्त्री म्हणतो, होडीचं वल्हं आखूड आहे. पेटी काकूने माळ्यावर टाकलीय!

काकू आता दर आठवड्याला घराघरात पाहुणे बघत हिंडते. म्हणून हे जो कुणी वाचेल त्याला माझं सांगणं आहे. तुमच्या घरात, नाहीतर शेजारी, कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल ना, भिंतीकडे तोंड करून पडलेलं, त्याला एवढा निरोप द्या. म्हणावं, तुला बर्फखान्यापर्यंत यायची गरज नाही. काय बघायला आवडेल तेवढं सांग, डोंगर, घोडी, काहीही, किल्लीकाकू स्वतः घेऊन येईल. एवढं सांगाल ना त्याला?