वेबसाइटवर कुणाकुणाचे फोटो

पाथरीला भगवानरावांच्या भोजनालयात वेबसाइटचं उद्घाटन होतं, तेव्हा नारळ कुठं फोडायचा यावरच बराच वेळ गेला. कुणी म्हणालं टीव्हीपुढं, कुणी म्हणालं वायफायच्या डबीपुढं. शेवटी उंबऱ्यावर फोडला. पाणी डबीवर शिंपडायला एक काका निघाले, तेव्हा माझी मुलगी त्यांच्या आडवी उभी राहिली. ती वेबसाइट तिनं बनवली होती. तिच्या स्वतःच्या धंद्याचं ते पहिलं काम.

सुकेशनी बीसीए झाल्यावर जिंतूरमध्ये नागेशच्या फ्लेक्सच्या दुकानात बसायची. वाढदिवस, निवड, नियुक्ती, श्रद्धांजली, सगळे फलक तिच्या हातून जायचे. वर पुढाऱ्यांचे चेहरे, मध्ये ज्याचा मान त्याचा मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगा. "मम्मी, एवढ्याशा जागेत एवढी डोकी बसवते मी, की आता झोपेतसुद्धा मुंडकीच दिसतात," असं ती म्हणायची. मग एक दिवस तिनं दुकान सोडलं. घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं आणि मी लोकांच्या वेबसाइट बनवणार, असं जाहीर केलं.

नागेश रागावला नाही. एवढंच म्हणाला, "जा बाई. पण एक ध्यानात ठिव. आपल्या जिल्ह्यात मोकळी जागा ठिवून चालत न्हाई. मोकळी जागा दिसली की लोक इचारत्यात, हितं कोण होतं?"

ती हसली. मला मात्र हसू आलं नाही. मी इतिहास घेऊन बी.ए. झाले, नोकरीच्या जाहिरातींची वाट बघत बसले आणि वय निघून गेलं. माझ्याबरोबरची सत्यशीला एका संस्थेच्या परभणीच्या कार्यालयात लागली. तिनंच निरोप दिला होता की तिथं कॉम्प्युटर ऑपरेटरची जागा आहे, बुद्धपौर्णिमेपर्यंत ती धरून ठेवते. मी तो निरोप पदराला गाठ मारल्यासारखा जपला होता. सुकेशनीचे वडील धम्मपाल एसटीत कंडक्टर. ते म्हणाले, "मला काय विचारतेस? तिला विचार."

तिला विचारलं. "भगवानरावांचं काम उभं राहिलं तर मी इथंच धंदा करणार," ती म्हणाली. "नाही राहिलं तर परभणीला जाईन. आणि तोंड वाकडं न करता जाईन."

भगवानराव तिला मिळाले तेही वडिलांमुळं. त्यांचं पाथरीत यात्रेकरूंसाठी निवास आणि भोजनालय आहे. लांबून येणारे लोक फोनवर खोली शोधतात आणि दुसरीकडं जातात, अशी तक्रार ते सेलूच्या पुढं बसमध्ये शेजाऱ्याला सांगत होते. धम्मपालांनी तिकीट फाडता फाडता सांगितलं, "माझी मुलगी हेच काम करते." झालं. त्यानंतर पोरगी पाथरीच्या फेऱ्या मारत राहिली. धुतलेल्या चादरी, गरम पाण्याची सोय, ताटातली भाकरी, अंगणातला कडुनिंब, सगळ्यांचे तिनं स्वतः फोटो काढले. वेबसाइट पांढरीशुभ्र झाली. खोली दिसायची, जेवण दिसायचं, फोनचं बटण दिसायचं. बाकी काही नाही.

नारळ फुटल्यावर ती टीव्हीवर लावली. खोली माणसांनी भरलेली. मीही तिच्यासोबत गेले होते, दाराशी खुर्चीवर बसले होते. टाळ्या झाल्या, तरी कुणी उठेना. सगळे अजून काहीतरी यायची वाट बघत होते.

भगवानरावांचे थोरले भाऊ महारुद्र, त्यांचं पाथरीच्याच मोंढ्यात, बाजारपेठेत, धान्याचं दुकान आहे, ते म्हणाले, "खाली सरकव की."

सुकेशनीनं सरकवलं. पत्ता आला. संपलं.

"आन् आमी कुठं हाव?"

"म्हणजे, काका?"

"म्हंजे फोटो. ह्यो भगवान, मी, पोरं, जावई. एक बी माणूस न्हाई. नुसत्या खाटा दाखवायलीस जगाला?"

लोक हसले. तिथंच तिनं गप्प बसायला हवं होतं. पण ती म्हणाली, "काका, येणाऱ्या पाहुण्याला खोली बघायची असते. तुमचा चेहरा बघून तो काय करणार?"

महारुद्र उठले. भगवानरावांच्या पत्नी नर्मदाबाई चहाचा ट्रे घेऊन येत होत्या, त्यांच्या बाजूनं ते निघून गेले. चहा न घेता. त्यांच्यामागं त्यांची मुलं गेली, मग जावई गेला.

भगवानराव टीव्हीकडं वळले. मग म्हणाले, "पोरी, वाटणीवरून आमचं बोलणं बंद होतं. औंदा कुठं दादा उंबऱ्याच्या आत आलता. बंद कर ते."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली. मी मनात परभणीच्या बसचं वेळापत्रक बघत होते. उतरताना म्हटलं, "सत्यशीलाला कळवून टाकू का?"

"पौर्णिमा झाली का, मम्मी?"

"नाही अजून."

"मग नको."

दुसऱ्या दिवशी ती नागेशच्या दुकानात गेली. तो काय म्हणाला ते तिनं मला भाजी निवडता निवडता सांगितलं. "नागेशदादा म्हणाला, फलकावरचा फोटो म्हणजे हजेरी असते. ज्याचा फोटो नाही तो रुसलेला, असं गाव समजतं. म्हणून मी दुकानात असताना माणसं मागं लागायची, 'माझा चेहरा बारीक का, माझा कडेला का'. मला वाटायचं, यांना मिरवायची हौस. मिरवायची हौस असते, पण तेवढंच नसतं. मी महारुद्रकाकांचा फोटो लावला नाही, म्हणजे दोघं भाऊ पुन्हा फुटले असं मी सगळ्यांना सांगितलं. त्यांच्याच घरात बसून."

"मग आता लाव सगळ्यांची मुंडकी," मी म्हटलं.

"मुंडकी नाही लावणार," ती म्हणाली. "माणसं लावीन."

तिनं भगवानरावांना फोन केला. त्यांनी उचलला नाही. मग ती सरळ मोंढ्यात जायला निघाली, आणि तिला एकटीला सोडवेना म्हणून मी मागोमाग. महारुद्र पोत्यांच्या थप्पीशी बसले होते. आम्हाला बघून त्यांनी गिऱ्हाइकाशी बोलणं मुद्दाम लांबवलं. गिऱ्हाईक गेलं तरी ते वजनकाट्याकडंच बघत राहिले.

"काका, माझी चूक झाली," सुकेशनी म्हणाली. "भोजनालयाची डाळ तुम्ही देता ना? ती देताना फोटो काढायचाय."

"आता कशाला? खाटा हायत की."

"खाटेवर डाळ शिजत नाही."

"तोंडाळ हाय पोरगी," ते मला म्हणाले. "बाई, समजावा तिला जरा."

"रोज समजावते," मी म्हटलं. "परभणीला चांगली नोकरी आहे, जा म्हणते. ऐकत असती तर तुमच्या दारात उन्हात कशाला उभी राहिली असती?"

खरं तर मी वैतागून बोलले होते. पण ते हसले, आणि त्यांनी पोऱ्याला पाणी आणायला सांगितलं. पाणी झालं, चहा झाला. मग त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "नुसतं बसून न्हाई काढायचा. हातात तूर घेतो." ओंजळीत तूरडाळ घेऊन ते पोत्यावर बसले. सुकेशनीनं पुन्हा पुन्हा फोटो काढले, दरवेळी त्यांना दाखवले. एकातही ते हसले नाहीत. त्यातला सगळ्यांत कडक त्यांनी निवडला.

मग भगवानरावांनी फोन उचलला. त्यांना मोंढ्यातून दादाचाच फोन गेला होता.

वेबसाइटवर एक नवं पान आलं, 'पाहुण्यांची सोय बघणारी माणसं'. तव्यापाशी नर्मदाबाई. मानवत रोडच्या स्टेशनवरून यात्रेकरूंना आणणारा जावई, त्याच्या जीपला टेकून. हिशेब बघणारा पुतण्या. महारुद्र, ओंजळीत डाळ घेऊन. प्रत्येकाच्या फोटोखाली नाव, काम आणि फोन नंबर. हारतुरे नाहीत, नमस्काराचे हात नाहीत. खोल्यांचं पान होतं तसंच पांढरं राहिलं.

या वेळी नारळ फुटला नाही. महारुद्रांनी वेबसाइट आपल्या सगळ्या ग्रुपवर टाकली, जावयानं त्याच्या, पुतण्यानं त्याच्या. जिथं जिथं त्यांचे नातेवाईक, तिथं तिथं ती पोचली. गोंधळही झाला. खोलीसाठी लोक महारुद्रांनाच फोन करायला लागले. "दिवसभर खोली हाय का, खोली हाय का! मी डाळ इकू का किल्ल्या वाटू?" असं त्यांनी सुकेशनीला सुनावलं, पण नंबर काढ म्हणाले नाहीत. उलट त्यांच्या शेजारच्या सरकी-पेंडवाल्यानं तिला बोलावलं. मग सोनपेठच्या एका रोपवाटिकेनं. कामाला जाताना आता ती आधी एकच विचारते, "तुमच्यात कोण कोण आहे?"

पौर्णिमेला आम्ही विहारातून आलो. खीर वाटून झाली होती. सुकेशनीनं तिच्या धंद्याची स्वतःची वेबसाइट उघडून माझ्यापुढं ठेवली. शेवटी तसंच पान. तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलेले धम्मपाल, 'पहिलं काम मिळवून दिलं'. नागेश, 'रंग आणि माणसं शिकवली'. मी खाली सरकवलं. पत्ता आला. संपलं.

मी पुन्हा वर गेले. पुन्हा खाली आले.

"काय शोधतेस?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"मम्मी, सांग की."

"मोंढ्यात उन्हात मी उभी होते," मी म्हटलं. "बापाचा आहे, नागेशचा आहे."

ती शांतपणे म्हणाली, "तुझं अजून नक्की कुठंय? सत्यशीलामावशीला तू नाही म्हणून कळवलंस का?"

कळवलं नव्हतं. भगवानरावांचं काम उभं राहिलं, पुढची कामं आली, तरी मी ती जागा धरून ठेवायला सांगत आले होते. असू दे, म्हणत होते. वेळ सांगून येत नाही. हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. पण तिनं मला न रागावता फक्त माझी जागा मोकळी ठेवली होती.

मी फोन घेऊन अंगणात गेले. "जयभीम सत्यशीला," म्हटलं, "ती जागा दुसऱ्या कुणाला दे."

"का गं? पोरीनं ऐकलं नाही?"

"नाही. तिचं काम चाललंय इथं." पुढचं जरा अडखळत म्हटलं, "आणि मी तिच्यासोबत आहे."

काळजी त्यानं गेली असं नाही. पुढच्या महिन्यात काम नाही आलं तर, हा प्रश्न फोन ठेवता ठेवताच उभा राहिला होता. पण आत सुकेशनी माझ्या फोटोसाठी मागं पांढरा पडदा सरळ करत होती, आणि मला विहारातली पांढरी साडी बदलून रंगीत नेसून यायचं होतं.

"फोटोखाली काय लिहिणार आहेस?" मी विचारलं.

"तू सांग. काय काम करतेस तू धंद्यात?"

मी विचार केला आणि म्हटलं, "लिही, 'पाथरीला सोबत जाते.'"