चार वाजताचं भांडण

माझ्या बायकोला बस डेपोत सगळे 'तोफ' म्हणतात. ती कंडक्टर आहे. दारात लोंबकळणाऱ्या माणसाला ती एका शब्दात आत घेते आणि दोन शब्दांत खाली उतरवते. मी शिंपी. दिवसभर तोंडात टाचण्या, त्यामुळे घरात बोलायचं खातं लग्नापासून तिच्याकडेच आहे. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. आमच्याकडे ती वर्षानुवर्षं वाजत होती.

आमची मुलगी सहा वर्षांची होती. एका जागी बसायची नाही, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. एका शनिवारी तिला ताप आला. सोमवारी ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाबा, मला उचल." भिंगरीने उचलून घ्यायला सांगितलं, तसा मी तिला घेऊन तडक निघालो. मुलांच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की तापाच्या निमित्ताने हृदयालाच सूज आली आहे. त्यांनी तिला अतिदक्षता विभागात नेलं, घशात नळी घातली आणि औषध देऊन निजवून ठेवलं.

बायको त्याच दिवशी भांडायला लागली. आधी वॉचमनशी भांडली. मग रक्त न्यायला आलेल्या मुलीला म्हणाली, "रक्त काढताय की विहीर उपसताय?" डॉक्टर "बघू या" म्हणाले, तर त्यांना म्हणाली, "रोज नुसतं बघू, बघू! बघायला ती काय सिनेमा आहे?" तीन दिवसांत अशी वेळ आली की तिला लांबून पाहिलं तरी नर्सेस दुसऱ्या वाटेने जायच्या. मी आपला मान खाली घालून तिच्या मागे उभा.

एक मोठी सिस्टर मात्र वाट बदलत नसे. काटकुळी बाई, चष्मा दोरीने गळ्यात, आवाज बारीक पण धार लावलेला. रोज चार वाजता, आम्हाला आत सोडायच्या वेळी, ती दारातच आम्हाला अडवायची.

"पलंगाजवळची खुर्ची कुणी हलवली? वायरवर आणून ठेवली आहे."

"मी नाही हलवली!"

"मग काय खुर्चीला पाय फुटले?"

"चार आहेत की तिला, मोजून घ्या!"

पाच-सात मिनिटं असं चालायचं. कधी खुर्ची, कधी हात नीट न धुणं, कधी डब्याची पिशवी. मग बायको लालबुंद होऊन आत जायची, भिंगरीच्या कानाशी वाकायची आणि तिला आपल्या बसचा अख्खा रस्ता सांगायची. "पुढचा स्टॉप शाळा. उतरणाऱ्यांनी पुढे या. चला, चला, पुढे सरका." बाहेर आली की बाकावर बसून डब्यातले चार घास खायची. एक दिवस सिस्टरची सुट्टी होती. त्या दिवशी बायको दारातून आत गेलीच नाही. भिंतीला कपाळ टेकून बसली आणि डबा तसाच परत आणला. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. शिंप्याची अक्कल शिवणीपलीकडे जात नाही.

आठव्या दिवशी मी सिस्टरला एकटीला गाठलं आणि हात जोडले. "माफ करा. जीभ तिखट आहे हो तिची, पण मनात काही नसतं."

"माफी कसली मागता?" सिस्टर म्हणाली. "त्या भांडतायत तोवर उभ्या आहेत. उभ्या आहेत तोवर मुलीशी बोलतायत. मी इथे बावीस वर्षं आहे, माणूस कधी कोसळतो ते मला कळतं." मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "खुर्ची मीच हलवते. रोज काहीतरी शोधून ठेवावं लागतं. त्यांना सांगू नका."

मी जिन्यात जाऊन रडलो. आमच्या मुलीला तिथे औषध देत होते. पण तिच्या आईलाही कुणी देतंय, हे मला माहीतच नव्हतं.

अकराव्या दिवशी चार वाजता सिस्टर दारात नव्हती. ती आत, पलंगापाशी होती. खुर्ची जागच्या जागी होती. आम्हाला पाहून ती पुढे आली, बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "या, ताई. बसा."

बायको पांढरीफटक पडली. "ताई नका म्हणू मला. असं गोड नका बोलू." तिने पाय पुढे केला. "हे बघा, चप्पल घालून आत आलेय मी. दिसत नाही? ओरडा ना!" तिने खुर्चीची पाठ धरली आणि कर्रकन वायरवर ओढली. "मी हलवली खुर्ची. मीच हलवली. भांडा माझ्याशी, सिस्टर. पाया पडते तुमच्या, भांडा!"

सिस्टर पुढे झाली. तिने खाली वाकून बायकोच्या पायातल्या चपला स्वतःच्या हाताने काढल्या आणि भिंतीशी ठेवल्या. मग डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं. हृदय आता औषधालाही दाद देत नव्हतं. थोडाच वेळ होता.

सिस्टरने नळ्या सांभाळत भिंगरीला आईच्या मांडीवर दिलं. बायको बसचा रस्ता सांगत राहिली. शेवटचा स्टॉप जवळ आला की तो न घेता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मी तोंडात टाचण्या असल्यासारखा उभा होतो. सिस्टर म्हणाली, "बाबा, तुमचाही आवाज ऐकू दे तिला." मी भिंगरीच्या पाठीखाली हात घातला आणि म्हणालो, "उचललं गं तुला. उचललंय बघ." साडेपाचच्या सुमारास ती गेली.

त्यानंतर तोफ थंड झाली. डेपोतले लोक मला रस्त्यात थांबवून सांगायचे, बस खच्चून भरते, माणसं दारात लोंबकळतात, ही एक अक्षर बोलत नाही. मी घरी भांडण काढून पाहिलं. जन्मात न केलेलं काम, ते कसं जमणार? आमटीला मीठ जास्त झालंय म्हणालो, तर "बरं" म्हणाली. आमटी मीच केली होती. चार महिने असे गेले. मुलगी गेली होती आणि आता बायकोही डोळ्यांदेखत जात होती. मी कुणाला सांगणार होतो?

शेवटी एक दिवस म्हणालो, "सिस्टरचे आभार मानायचे राहिलेत." ती मुकाट्याने निघाली. मी चार वाक्यं पाठ केली होती. विभागाच्या दाराशी पोचलो तेव्हा नेमके चार वाजले होते.

सिस्टर बाहेर आली. तिने चष्मा लावला आणि बायकोकडे नीट पाहिलं. माझी चार वाक्यं मी विसरलो. सिस्टरचा चेहरा क्षणभर हलला. मग तिने कमरेवर हात ठेवला.

"दारात काय उभ्या आहात? येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट अडते. बोर्ड वाचता येत नाही का?"

मी गांगरलो. बायको तशीच उभी. मग तिने दाराची रुंदी नजरेने मापली.

"वाट अडते म्हणे," ती म्हणाली. आवाज घोगरा, बरेच दिवस बंद राहून सुरू झालेल्या मशीनसारखा. "दहा माणसं जातील एवढी जागा आहे. मी रोज साठ माणसं सरकवते. मला शिकवू नका." ती दम खायला थांबली. "आणि ती खुर्ची तुम्हीच हलवायचात."

सिस्टरचा कमरेवरचा हात खाली आला.

"साठ माणसांत कोण जागेवरून हललं ते मला न बघता कळतं. एक खुर्ची कळणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर दुसऱ्या दिवशी भांडायला कोण आलं असतं?"

एवढं म्हणून ती सिस्टरच्या गळ्यात पडली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. आतून कुणीतरी डोकं बाहेर काढून म्हणालं, "जरा हळू." त्याच्यावर दोघीही एकदम ओरडल्या.