नवस फेडता फेडता

खरं म्हणजे आमच्या घरातल्या बाईनं नवस बोलायचं काही कारणच नव्हतं. छप्पन्न साली आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरातले देव टोपलीत भरले आणि पंचगंगेत सोडून आले. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. त्यांची आई आठ दिवस नीट जेवली नाही म्हणतात. पुढं आबा प्राथमिक शाळेत मास्तर झाले आणि बावीस प्रतिज्ञा त्यांनी आम्हा भावंडांकडून पाढ्यांच्याही आधी पाठ करून घेतल्या. अशा माणसाची मी लेक. आणि मी पाच ठिकाणी नवस बोलले. एक नाही, दोन नाही, पाच!

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. माझी मुलगी पाच वर्षांची होती. एका सकाळी दात घासता घासता ती मोरीतच कोसळली. डोळे फिरले, हातपाय झटकायला लागली. शेजारणीनं चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फिटची गोळी लिहून दिली, दिवसातून दोन वेळा, आणि बजावलं, "काही वर्षं घ्यावी लागेल. एक दिवस चुकवायची नाही." गोळी चालू असतानाच तिसऱ्या आठवड्यात पुन्हा फिट आली. गोळी वाढवली. महिन्याभरानं पुन्हा आली. डॉक्टर म्हणाले, धीर धरा, डोस बसायला वेळ लागतो. धीर काय बाजारात मिळतो होय?

मी पन्हाळ्याला तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. रोज एसटीनं जाणं-येणं. नवरा शिरोलीच्या फौंड्रीत, त्याची पाळी दर आठवड्याला बदलायची. आई गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर आबा आमच्याकडंच राहायला आले होते. पोरीला शाळेत सोडायचं आणि आणायचं काम त्यांच्याकडं होतं. कचेरीतला फोन वाजला की मी हातातलं काम टाकून उभी राहायचे. शेजारची काकू म्हणाली, "औषध कर की, न्हाई कोण म्हणतंय? पर देवाचंबी बघ. पोरीची जात हाय, उद्या कोण करंल तिला?" तिचं वाक्य मला दिवसभर सोडायचं नाही.

पन्हाळ्याच्या वाटेवरच जोतिबाचा फाटा लागतो. एके दिवशी अर्धी रजा टाकली आणि चढले डोंगर. 'चांगभलं'च्या गजरात कुणीतरी अंगावर गुलाल टाकला आणि मी रडतच बोलून टाकलं, पोरीला बरं कर, तिच्या वजनाचं खोबरं उधळीन. मग एसटी स्टँडवरच्या नळावर तोंड घासघासून धुतलं. घरी आले तर आबा दारातच. माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "कानामागं ऱ्हायलंय." बस, एवढंच. मला त्यांनी थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

एकदा सुटलं की सुटलंच. कचेरीतल्या एका मुसलमान सहकारी बाईबरोबर दर्ग्यात गेले, मजारीशी डोकं टेकलं आणि चादर कबूल केली. तिथल्या उदाच्या वासानं मात्र खरंच बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. वाडीला दत्ताच्या पादुकांपुढं पाच गुरुवार बसले. दवाखान्यातली एक ख्रिस्ती नर्स प्रार्थनेला घेऊन गेली. तिथं सगळ्यांनी माझ्या लेकीसाठी डोळे मिटले, ओळख ना पाळख, आणि मी हुंदके देऊन रडले. तिथं मेणबत्त्या बोलले. मधल्या पौर्णिमांना पांढरी साडी नेसून विहारातही जात होते. पण विहारात ज्याच्याकडं मागावं असं कोणी बसलेलं नसतं, हीच तर माझी अडचण. शांत बसायचं, म्हणे. मला बसायला वेळ होता का?

पाचवं ठिकाण मलकापूरकडच्या एका वस्तीवर होतं. एक म्हातारी अंगारा द्यायची. तिच्या कोपऱ्यात त्रिशूळही होता आणि हिरवं फडकंही. ती म्हणाली, "एकेचाळीस दिस अंगारा लाव. पर गोळी बंद कर बाई. गोळी आनि अंगारा एका अंगात ऱ्हात न्हाईत."

आणि मी गोळी बंद केली. शिकलेली बाई, सरकारी नोकरीतली! इतकी दमले होते की कुणीतरी ठामपणे सांगणारं मला हवं होतं. आबा त्या दिवशी पहिल्यांदा ओरडले, "अक्कल गहाण ठेवलीस व्हय गं? पोरीच्या जिवाशी खेळ करतीस?" मीही कमी नव्हते. म्हणाले, "माझी पोर आहे, माझं मी बघीन. पटत नसेल तर तुमचं तुम्ही बघा." बापाला असं बोलले. आबा चष्मा पुसत बसले. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे पोरीला शाळेत घेऊन गेले.

एकेचाळीस दिवसांत एकही फिट आली नाही. पुढं सहा महिने नाही, वर्ष नाही. मग मी नवस फेडायला निघाले. गुण कुणाचा आला हे कळायला मार्ग नव्हता आणि एकालाही राग येऊन चालणार नव्हता. म्हणून पाचही ठिकाणी, आणि एकदा नव्हे, दर वर्षी. रविवार खोबऱ्यात, गुरुवार वाडीला, चादर, मेणबत्त्या, मलकापूरच्या वस्तीवर नारळ. सुट्टी म्हणून उरली नाही. गुडघे गेले. नवरा म्हणायचा, "अगं, देव दमले असतील आता." पण सोडायची भीती वाटायची. सोडलं आणि पोरगी पडली तर? आबा अधूनमधून सोबत यायचे, पिशवी धरून पायरीशी बसायचे. आत कधी आले नाहीत.

अशी दहा-बारा वर्षं गेली. पोरगी फार्मसीला गेली. एका दुपारी गल्लीतली एक तरुण बाई आपल्या फिट येणाऱ्या मुलाला घेऊन आली. मी तिला मलकापूरचा रस्ता सांगत होते, गोळी बंद करण्याचंही सांगत होते. आतून पोरगी तरातरा आली.

"आई, त्या पोराला मारशील! मी गोळी घेतच होते की."

"कधी?"

"सगळी वर्षं. आबा द्यायचे. सकाळी शाळेत जाताना केळ्यात घालून, आणि संध्याकाळी येताना. सुट्टीच्या दिवशी फिरायला न्यायचे आणि द्यायचे. दवाखान्यातही तेच न्यायचे. डॉक्टरांनी बंद केली तेव्हाच थांबले. मला म्हणाले होते, आईला सांगायचं न्हाई."

ती बाई कधी गेली मला आठवत नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी रागच आला. डोंगर चढून चढून झिजवलेले गुडघे, ते सगळे गुरुवार, आणि माझ्या आयुष्यातला एकुलता एक चमत्कार केळ्यातून दिलेला होता! आबा सोप्यात शेंगा सोलत बसले होते. सत्तरी कधीच उलटली होती त्यांची. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"एवढी वर्षं मला येड्यात काढलंत? एका शब्दानं सांगायचं होतं की!"

त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणे ताटात टाकले.

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी पोरगी माझ्यासंगं शाळेला धाडली असतीस?"

मी तिथंच खाली बसले. आबांपुढं खोटं बोलायची मला सवय नव्हती.

"नसती धाडली," मी म्हणाले.