शंभर टक्के सुरक्षित बंदर

आलोशियस म्हातारा हट्टी, असं सगळा कोळीवाडा म्हणतो. आहेच मुळी! वसईच्या किनाऱ्यावर त्यांचं एवढंसं बंदर, आणि तिथे तेरा वर्षं रोज संध्याकाळी हा माणूस उभा राहून परतणाऱ्या बोटी मोजतो. बत्तीस भरल्याशिवाय घरी जेवायला बसत नाही. बायको सालोमी म्हणते, “माज्यापरीस बोटींवर जास्त जीव.” म्हणते, पण अडवत नाही. तिच्याच भावाची बोट एकदा परतली नव्हती आणि ते गावाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. रात्रभर तो पाण्यात होता. कोणी मोजलंच नव्हतं.

पुढे पोलिसांनी किनाऱ्यावर राखणीला गावकरी नेमले, तेव्हा याच्याशिवाय दुसरं नाव निघणार कुठून? नारिंगी जाकीट मिळालं, पत्र्याची चौकी मिळाली, मोठा दिवा आणि वायरलेस मिळाला. त्या वायरलेसवरून गस्तीची बोट बोलावून म्हाताऱ्याने दोनदा माणसं वाचवली.

मग आला नवा कायदा. देशाची सीमा सुरक्षित आहे असं नुसतं म्हणायचं नाही, टक्क्यांत मोजून दाखवायचं. हेतू चांगलाच हो, कोण नाही म्हणतं? पण दिल्लीत मोजपट्टी बनली की कोणाला तरी ती वसईच्या चिखलात घेऊन यावी लागते. ते काम आलं सुमेधकडे. एव्हरशाईन सिटीतल्या इमारतीत राहणारा, नवाकोरा फौजदार, पोरगा मनाने भला. तो फॉर्म घेऊन चौकीत बसला.

“अंकल, तीन महिन्यांत संशयास्पद बोटी किती दिसल्या?”

“एकपन नाय.”

“पकडल्या किती?”

“दिसलीच नाय तर पकडू काय, माजं कपाल?”

सुमेध रडकुंडीला आला. शून्यातले शून्य पकडले तर टक्के किती, हे कॉम्प्युटरला काही केल्या सांगता येईना. “काहीतरी लिहा ना अंकल. शेजारच्या बंदराने अकरा लिहिल्यात.”

“तिते ओंडका व्हात आला तरी लिवतात. मी खोटं लिवू, आनि फादरकडं कबुलीला तू जानार काय?”

झालं! कागद अडला, तेव्हा वरून हुकूम आला की दोन्ही बंदरांची परीक्षाच घ्या. पोलिसांनीच साध्या कपड्यांत घुसखोर व्हायचं, बोटीने किनाऱ्याला लागायचं आणि पहारेकऱ्याला पत्ता लागतो का ते बघायचं.

एका सकाळी सुमेधसकट सहा जणांनी गुपचूप स्टॅनीची बोट घेतली. स्टॅनीला घरी बसवलं आणि सुकाणू एका हवालदाराने धरलं. पण बोटीच्या तोंडाला कुलूप कोण घालणार? इंजिनाच्या आवाजावरूनच आलोशियसने ओळखलं, बोट स्टॅनीची. मग डोळ्यांवर हात धरून बघितलं तर आत भलतीच माणसं, आणि भर ओहोटीत बंदरात शिरतायत! गावातलं शेंबडं पोरही असं करणार नाही. त्याने तातडीने वायरलेस उचलला. “स्टॅनीच्या बोटीत सा अनोळखी मानसं. आता रुतनार बघा.”

“रुतलो, अंकल!” उत्तर आलं. खबर घेणारा वायरलेस सुमेधच्याच कमरेला होता.

म्हातारा कंबरभर चिखलात उतरला. एकेकाला दोर देऊन, हाताला धरून बाहेर काढलं. सुमेध तर ओकून ओकून पिवळा पडला होता. सालोमीने सगळ्यांना चहा-पाव दिला, वर शिव्याही दिल्या.

सुमेध त्या चहाला जागला. अहवालात त्याने लिहिलं: घुसखोर ओळखले सहापैकी सहा, खबर तत्काळ, पकडले सहापैकी सहा. टक्के शंभर! शेजारच्या बंदरावर मात्र पहारेकरी घोरताना सापडला. त्यांना भोपळा.

महिन्याभराने चर्चच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला. बोटींवर गेलेले सोडून सगळा कोळीवाडा लोटला. मोठ्या साहेबांनी शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र दिलं. सालोमी ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत, डोळे भरलेले. साहेबांचं भाषण सुरू झालं आणि म्हाताऱ्याने प्रमाणपत्राला जोडलेला दुसरा कागद वाचायला घेतला. असले कागद कोणी वाचत नाही, पण याला काही अर्धवट सोडायची सवयच नाही. त्यात लिहिलं होतं की कायद्याप्रमाणे, शंभर टक्के सुरक्षित ठरलेल्या ठिकाणी पहाऱ्याची गरज उरत नाही. सबब चौकी बंद करावी आणि दिवा, वायरलेस शून्य टक्केवाल्या शेजारच्या बंदरावर हलवावा.

त्याने शेजारी बसलेल्या सुमेधपुढे कागद धरला. सुमेधने वाचला आणि त्याचा चेहरा पडला. “आईशप्पथ अंकल, मला माहीत नव्हतं. मी तर तुमचं चांगलं व्हावं म्हणून...”

“तुजं काय चुकलं, पोरा? तू खरं तेच लिवलंस.”

साहेबांचं भाषण संपलं, माईक आलोशियसच्या हातात आला. त्याने एवढंच म्हटलं, “साहेब, तुमच्या पाया पडतो. मला नापास करा.”

हॉलमध्ये हशा पिकला. केवढा विनय, असं म्हणत साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. टाळ्या थांबेनात. सुमेध तेवढा मान खाली घालून बसला होता, आणि पुढच्या रांगेत सालोमी उठून उभी राहिली होती. सहा वाजून गेले होते. बोटी यायला लागल्या असतील, आणि बंदरावर एक माणूस नव्हता.