सहा जणांची गुहा

माझ्या आयुष्यभराच्या रागातला निम्मा वाटा एकट्या आमच्या साडूंनी उचललेला आहे, आणि उरलेल्या निम्म्यातही ते कुठेतरी उभे असतातच. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सौदी अरेबियात अल-खोबरला आम्ही एकाच इमारतीत राहायचो, ते तिसऱ्या मजल्यावर आणि मी दुसऱ्या. ते एका पेट्रोकेमिकल कारखान्यात प्रोसेस इंजिनियर, मी दुसऱ्या कारखान्यात सेफ्टीला. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघांना एकेक मुलगी, त्यांची नववीत आणि माझी दुसरीत. इतकं सगळं जुळत असताना माणसाने सुखाने राहावं की नाही? पण आमच्या साडूंना दोन व्यसनं होती. एक गुहा आणि दुसरं मोजपट्टी. मूळचे नाशिकचे. लहानपणी शाळा बुडवून लेण्यांत जाऊन बसायचे म्हणे. मोठेपणी इतर लोक ते सोडून देतात, यांनी ते जगभर नेलं. खिशात स्टीलची गुंडाळणारी टेप कायम. ती सर्रकन बाहेर काढायचे आणि समोर येईल ते मोजायचे. आमच्या हॉलमधला सोफा, आमच्या मुलीची पावलं, एकदा तर मला गालिच्यावर उताणं झोपवून डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं. कशासाठी, तर म्हणे, "तुझी पाठ सरळ आहे का बघतो." पाठ सरळ निघाली. त्यांनी आकडा वहीत लिहिला आणि माझा चहा पिऊन वर निघून गेले. तेव्हाही मला राग आला होता.

पण खरा राग इटलीपासूनचा. त्यांच्या कारखान्यात एक टर्बाइन बसवायला एक इटालियन गृहस्थ आले होते. त्यांनी जेवताना आपल्या गावाजवळच्या डोंगरांतले फोटो दाखवले. जुन्या काळी तिथे साधू राहायचे, एकेकटे, खडकात खोली खोदून. झालं. आखाती लढाईच्या दोन वर्षं आधी आम्ही दोन्ही कुटुंबं सुट्टीला भारतात निघालो ती रोममार्गे. ठरलं होतं असं, की चार दिवस रोम आणि एक दिवस साडूंचे साधू. प्रत्यक्षात रोम आम्ही अर्धा दिवस पाहिलं, तेही टॅक्सी शोधत. उरलेले दिवस मी ओक आणि चेस्टनटच्या जंगलातून, काटेरी झुडपांतून, मुलीला खांद्यावर घेऊन चढत होतो. पुढे साडू, हातात टेप. मागे दोघी बहिणी, पायात पंजाबी ड्रेसवर घातलेले कॅनव्हासचे बूट आणि हातात चकल्यांचा डबा. एका लेण्याची किल्ली खालच्या गावातल्या एका म्हातारीकडे होती. तिला आमची भाषा येईना, आम्हाला तिची. पण ताईंनी, म्हणजे साडूंच्या बायकोने, तिला चकली दिली, तिने आम्हाला मेंढीच्या दुधाचं चीज दिलं, आणि दोघी एकमेकींच्या पदार्थाकडे संशयाने बघत खात राहिल्या. साडू तोवर आत शिरून साधूच्या दगडी पलंगावर आडवे झाले होते.

खडकातच कोरलेला पलंग. डोक्याशी जरा उंचवटा, बाजूला दिव्यापुरता कोनाडा, छताला काजळी. भिंतीवर एका संताचं चित्र, त्याचा चेहरा पुसत पुसत फक्त डोळे उरलेले. साडूंनी छिन्नीच्या खुणांवरून हात फिरवला आणि जाहीर केलं, "डावखुरा होता." मग पलंग मोजला. "पाच फूट चार. बुटका होता." आणि मग अचानक भडकले. त्यांचं रागावणंही असंच, पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावर. म्हणाले, "एकट्यापुरतं खोदलंय बघ. कुणी आलंगेलं तर त्याने कुठे बसायचं? आमच्या नाशकाला बघ, मधे केवढं दालन आणि भोवती खोल्या. माणसं मावतात. एकट्यापुरतं खोदायला काय अक्कल लागते?" ताई दारातून म्हणाल्या, "अहो, कुणी येऊ नये म्हणूनच तो डोंगरात गेला ना?" पण साडूंना ते पटलं नाही. त्या डावखुऱ्या साधूवर ते विमानात बसेपर्यंत चिडलेले होते, आणि मी साडूंवर.

पुढे कुवेतचं प्रकरण झालं आणि खोबरचे रस्ते लष्करी गाड्यांनी भरले. मुलींच्या शाळा बंद झाल्या. जानेवारीत लढाई सुरू झाली तशी इराककडून स्कड क्षेपणास्त्रं येऊ लागली. विषारी वायूची अफवा रोज नवी. सगळ्यांनी एक खोली निवडून खिडक्यादारांच्या फटी चिकटपट्टीने बंद करायच्या, दाराशी ओला टॉवेल ठेवायचा, भोंगा झाला की आत बसायचं, असं ठरलं होतं. मी सेफ्टीचा माणूस. माझी खोली आख्ख्या इमारतीत पहिली तयार झाली. कंपनीने दिलेले तीन गॅस मास्क मी दाराशी खुंट्यांवर नावानिशी टांगले होते. साडूंनी मात्र आपल्या घरात एक पट्टी लावली नाही. उलट माझ्याकडचे चिकटपट्टीचे दोन गुंडाळे उसने नेले. मी विचारलं, "अहो, मग ते लावलेत कुठे?" तर म्हणाले, "लावतोय. जागा बरी सापडली की लावतो." त्याच सुमारास माझी उशीही नाहीशी झाली. ती सावरीच्या कापसाची, मी नाशिकहून आणलेली. तिच्याशिवाय मला झोप नाही. मी घर पालथं घातलं, धोब्याला विचारलं, बायकोवर ओरडलो. ती म्हणाली, "लढाई चालू आहे आणि तुम्हाला उशी सुचतेय." माझी मान महिनाभर वाकडी होती.

त्या दिवशी सकाळी अकराला कारखान्यात भोंगा झाला. तो थांबल्यावर मी घरी फोन लावला. कुणी उचलेना. वर ताईंकडे लावला. तिथेही नाही. मी गाडी काढली आणि खोबरपर्यंत कशी चालवली ते मला आठवत नाही. घर उघडलं तर माझी ती तयार केलेली खोली रिकामी, आणि तिन्ही मास्क खुंट्यांवर जसेच्या तसे. फ्रिजवर बायकोची चिठ्ठी होती: 'भाऊजींबरोबर हुफूफजवळच्या गुहा बघायला जातोय. पाचपर्यंत येतो. आमटी आत आहे.' मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. मला भीती वाटली होती, आणि भीती वाटली की मला राग येतो, हे मी आता कबूल करतो. तेव्हा मला फक्त राग दिसत होता. आकाशातून काय पडेल त्याचा नेम नाही आणि हा माणूस माझ्या बायकोला आणि सात वर्षांच्या मुलीला मास्कशिवाय दीडशे किलोमीटर दूर भोकात घेऊन गेला होता. तेवढ्यात फोन वाजला. हुफूफच्या रस्त्यावरच्या तपासणी नाक्यावरून पोलीस बोलत होता.

झालं होतं ते फक्त आमच्याच घरात होऊ शकतं. त्या वेळी शहराबाहेर जायला कफीलचं पत्र लागे, म्हणजे ज्याच्या नावावर आपण देशात राहतो त्या मालकाचं. साडूंनी पत्र घेतलं होतं, पण स्वतःच्या कुटुंबापुरतं; जाताना कुणी अडवलं नव्हतं, गुहेतून परतताना अडवलं. बायकामुलांची नावं नवऱ्याच्या इकाम्यात, म्हणजे राहण्याच्या परवान्यात लिहिलेली असायची, आणि माझा इकामा माझ्या खिशात. पोलिसाने गाडीत डोकावून पाहिलं तर एक पुरुष आणि दोन बायका, पैकी एक बाई आणि एक मूल कुठल्याच कागदावर नाही. "ही कोण?" साडूंनी आपल्या अरबीत समजावून सांगितलं की ही बायकोची बहीण, म्हणजे माझ्या बहिणीसारखीच. पोलीस म्हणाला, बहिणीसारखी की बहीण? साडू म्हणाले, "दोन्ही." त्यानंतर पोलिसाने चहा मागवला आणि सगळ्यांना बसवून ठेवलं.

आता त्यांना सोडवायला मला जायचं होतं आणि जायला मलाही पत्र हवं होतं. मी आमच्या ऑफिसात परत. तिथे कफीलची पत्रं करणारे एक रत्नागिरीचे मियांसाहेब होते. त्यांनी टाईप करता करता विचारलं, "कारण काय लिवू?" मी म्हटलं, "बायको गुहेला गेलीय." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "लडाईत? सायब, आपली मानसं घाबरली तर भायेर पलतात. तुमची भितरी जातात काय?" त्यांनी 'कौटुंबिक' असं लिहिलं आणि शिक्का मारला.

नाक्यावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. मुली पोलिसाने दिलेले खजूर खात होत्या, दोघी बहिणी आतल्या खोलीत कसलीशी पाककृती एकमेकींना सांगत होत्या, आणि साडू बाहेरच्या बाकावर ताठ बसून घड्याळ बघत होते. मला पाहून म्हणाले, "उशीर केलास." त्यानंतर मी जे बोललो ते सगळं इथे लिहिता येणार नाही. एवढं आठवतं की मी म्हणालो, "तुम्ही स्वतः प्लँटमध्ये पोरांना शिकवता ना, की विषारी वायू जड असतो, खाली साचतो, भोंगा झाला की वाऱ्याला तोंड करून चढावर पळायचं? आणि माझ्या पोरीला घेऊन तुम्ही गुहेत शिरता? शिकवताना एक आणि करताना दुसरं?" ते म्हणाले, "ती गुहा खाली नाही. कड्यावर आहे. अकरा मीटर उंच. मोजलीये." मी म्हणालो, "मोजत बसा. सगळ्यांना नेलंत, सगळ्यांची सोय बघितलीत, फक्त मला सांगावंसं वाटलं नाही. मी मेलो असतो तिकडे कारखान्यात तरी तुम्ही इथे टेप लावत बसला असतात." साडू काहीतरी बोलायला गेले. "अरे, तुला सांगितलं असतं तर तू मीटिंग घेतली असतीस. मी म्हटलं, सगळं तयार झालं की..." मी त्यांना पुरं बोलू दिलं नाही. पोलिसासमोर, मुलींसमोर मी त्यांना सांगितलं की यापुढे माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही. पोलिसाला मराठी येत नव्हतं, पण त्याने मान खाली घातली. परतीच्या रस्त्यात माझी मुलगी मागून म्हणाली, "बाबा, काका वॉज नॉट डुइंग एनिथिंग बॅड." मी तिलाही गप्प बसवलं.

लढाई संपली तरी आमची संपली नाही. जिन्यात भेटलो तर ते भिंतीकडे बघायचे आणि मी पायऱ्यांकडे. वाट्या मात्र वरखाली येत होत्या, त्यावर कुणाची बंदी चालत नाही. कुवेतच्या विहिरींचा धूर खोबरवर येऊन दुपार काळवंडायची, आणि बायको म्हणायची, "आतातरी बोला. मला काय कुणी पळवून नेलं होतं? माझ्या पायांनी गेले होते. घरात बसून चिकटपट्ट्या बघायचा कंटाळा आला होता मला." मी बोललो नाही. मग एक दिवस ताईच खाली आल्या. साडूंचा करार संपला होता, कंपनी वाढवून देत नव्हती. पुढच्या आठवड्यात ते कायमचे निघत होते. ताई म्हणाल्या, "माझ्या सतरंज्या आणि स्टोव्ह त्या गुहेत राहिलाय हो. ह्यांना जा म्हटलं तर म्हणतात, मी नाही जाणार, त्याला राग येईल. तुम्ही आणून द्याल?"

शुक्रवारी आम्ही तिघं गेलो, या वेळी सगळ्यांची पत्रं घेऊन. खजुरीच्या बागा संपल्या की मातकट रंगाचा डोंगर लागतो, उभ्या फटींनी चिरलेला. लेक पुढे झाली, तिला वाट पाठ होती. एका कपारीतून वर चढलो आणि आत एक सपाट, कोरडी, प्रशस्त जागा. बाहेर ऊन, आत छान गार. खाली वाळू सारखी केलेली, आणि वाळूवर माझ्या त्या उसन्या चिकटपट्टीच्या सहा लांब पट्ट्या टाकलेल्या. दगडाला चिकटेनात म्हणून प्रत्येकीच्या दोन्ही टोकांवर गोटे ठेवले होते. प्रत्येक पट्टीवर इंजिनियरी अक्षरात नाव आणि लांबी. आत ताई आणि त्यांची मुलगी, मधे माझी बायको आणि माझी मुलगी. दोन पट्ट्या अगदी दाराशी, शेजारी शेजारी. एक त्यांची. दुसरी सगळ्यांत लांब, पाच फूट अकरा. तिच्यावर माझं नाव होतं, आणि डोक्याशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून, माझी उशी.

"दॅट्स युअर बेड, बाबा," लेक म्हणाली. "काका म्हणाले, टेल हिम जब सब रेडी हो जाए."

मी त्या पट्टीवर आडवा झालो. बरोबर बसली. उशीखाली, डोक्याशी, एक उंचवटा केला होता, त्या इटलीतल्या पलंगाला होता तसाच. मी बराच वेळ उठलो नाही, आणि बायकोने मला उठवलं नाही.

त्या संध्याकाळी मी सतरंज्या, स्टोव्ह आणि काखेत उशी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. साडूंनी दार उघडलं. उशीकडे पाहिलं आणि रागावून म्हणाले, "ही कशाला आणलीस? तिथेच राहू द्यायची. पुन्हा लागली असती." मला माफी मागायची होती. मी म्हणालो, "मान आखडली होती." ते म्हणाले, "ये आत."

आता ते नाशिकला असतात. गुडघे गेले, समोरच्या डोंगरावरची लेणी गच्चीतून बघतात. मागच्या वर्षी एका कामासाठी मी पुन्हा खोबरला गेलो होतो आणि वेळ काढून त्या डोंगरावरही गेलो. तिथे आता तिकीट आहे, सिमेंटची वाट आहे, रंगीत दिवे आहेत, आणि आमची कपार कठडा घालून बंद केली आहे, आत जाता आलं नाही. परत आल्यावर साडूंचा फोन आला. पहिला प्रश्न, "पट्ट्या आहेत का रे अजून?" या माणसाने एक चुकीचा आकडा आयुष्यात कधी खपवून घेतला नाही. मी म्हणालो, "आहेत. सहाच्या सहा आहेत. आपल्या दोघांच्या दाराशीच आहेत." ते म्हणाले, "माझी थोडी आखूड पडली असेल. मोजताना घाई झाली होती." मी म्हटलं, "नाही. बरोबर आहे. मी मोजली."