घोडदळाची कादंबरी
जुन्या पेपरबॅकचा कुबट वास आला की इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलमधली वीसेक वर्षांपूर्वीची ती दुपार आठवते. आत नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं आणि बाहेर मी नुसत्या येरझाऱ्या घालत होते. वेटिंग रूममध्ये एक पंजाबी आजोबा अमेरिकन घोडदळाची कादंबरी वाचत बसले होते. "बेटी, बैठ जाओ," म्हणत ते मला गोष्टच सांगू लागले. ओसाड माळावरच्या ठाण्यात वेढले गेलेले सैनिक, संपत आलेलं पाणी आणि मदत आणायला निघालेला एकटा स्वार. "वो पहुँचता है ना?" मी अधीरपणे विचारलं, तेवढ्यात नर्सने हाक मारली. नवरा सुखरूप होता. आजोबांना सांगायला मी धावत बाहेर आले, तर ते नव्हते. कादंबरी खुर्चीवर उघडीच पडली होती. नवरा आज ठणठणीत आहे. पण आजोबांचं कोण आत होतं, त्याचं काय झालं, ही रुखरुख काही जात नाही.